पत्रकातली सतरा नावं

त्या दिवशी मी घरून निघालो तो एक पत्रक तपासायला. तासाभराचं काम होतं. निघताना माझ्या मुलीला, शफीकाला सांगितलं की दुपारच्या नमाजाच्या आत परततो, येताना लिंबं आणतो. तिला नववा महिना लागला होता आणि आंबट काही असल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

फ्रान्सिसांची, म्हणजे फ्रेंचांची, फौज कैरोत येऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं. येताना त्यांनी तोफा आणल्या तसा एक छापखानाही आणला होता, आणि माझं मत विचाराल तर दोहोंत छापखान्याचा मारा जास्त लांबचा होता. दर दोन-तीन दिवसांनी फौजेचं अधिकृत पत्रक निघे. एका बाजूला त्यांची भाषा, दुसऱ्या बाजूला आमची. शहर शांत आहे, बाजार उघडे आहेत, रयत समाधानी आहे, असा मजकूर. गल्ली जळत असली तरी पत्रकात शहर शांतच असायचं. मी मशिदीत पोथ्या उतरवणारा माणूस, अक्षर चांगलं, म्हणून मला आमच्या बाजूच्या चुका काढायला बसवलं होतं. चुका म्हणजे अक्षरांच्या. मजकुराच्या चुका काढायला मला कुणी नेमलं नव्हतं.

माझ्या वडिलांचा धंदा वेगळा. ते बाब-अन-नस्रच्या कबरस्तानात तलकीन द्यायचे. माती लोटून झाली, लोक पाठ फिरवून निघाले, की ते कबरीच्या उशाशी बसत आणि आत निजलेल्याला पढवत. आता दोन फिरिश्ते येतील, प्रश्न विचारतील, घाबरू नकोस, असं असं उत्तर दे. हाक मारायची ती आईच्या नावाने, अमकीच्या मुला, म्हणून. जिवंतपणी आमच्याकडे कुठला पुरुष चारचौघांत आपल्या आईचं नाव उच्चारत नाही, मान कापली तरी नाही. ते नाव मातीआड गेल्यावरच घेतात. मी काही तो धंदा उचलला नाही. मेलेल्यांशी बोलून पोट भरण्यापेक्षा बोरू बरा, असं मला वाटायचं, आणि ते मी वडिलांना तोंडावर सांगितलंही होतं. तेव्हा मी वीस वर्षांचा आणि फार शहाणा होतो.

गल्लीच्या तोंडाशी हाज्जा वर्दा बाकल्याच्या दाण्यांची भजी तळत बसली होती. मला पाहून तिने झारा हलवला.

"शेख मुतवल्ली, कालचं पत्रक फार चांगलं होतं हो तुमचं!"

"वाचलंत की काय?"

"मला मेलीला कुठं वाचता येतंय? पण तेल काय शोषतं! गिऱ्हाइकाच्या हाताला टिपूस लागत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "जावयाचं काही कळलं?"

"किल्ल्यावर आहे. एवढंच."

"अख्ख्या दुनियेच्या बातम्या छापता आणि घरची एक मिळत नाही होय?" ती आकाशाकडे बघून म्हणाली, "जा पटकन. खमसीनचं वादळ येतंय. बघा कसं पिवळं पडलंय."

माझा जावई हसनैन खोगीर शिवायचा. शहराने दुसऱ्यांदा बंड केलं, ते मोडलं, आणि झडतीत त्याच्याजवळ एक लांब आरी सापडली. चामडं टोचायची. सैनिकांना ते हत्यार वाटलं. दोन आठवडे तो किल्ल्यावरच्या कोठडीत होता आणि शफीका रोज सकाळी मला एकच प्रश्न विचारत होती. मी रोज एकच खोटं सांगत होतो, की चौकशी चालू आहे.

छापखाना एका पळून गेलेल्या सरदाराच्या हवेलीत होता. मी पोचलो तेव्हा वारा सुटलाच होता. वाळवंटातली ती गरम धूळ भिंतीसारखी शहरावर येत होती. जुळारी अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्यांवर गोणपाट टाकून घरी पळाले होते. देखरेखीवरचा मुसू लेब्रे तेवढा दारात होता, नाकातोंडाला फडकं बांधून. मुसू म्हणजे त्यांच्या भाषेत साहेब. माणूस वाईट नव्हता. आमची भाषा मोडकीतोडकी बोलायचा.

"शेख, फर्मा तयार. तुम्ही वाचा, चूक काढा, दोन प्रती ओढा. असरच्या नमाजाला किल्ल्याचा स्वार येईल."

"आणि तूमा?" हा हलब शहराचा दुभाषा, आमची बाजू वाचू शकणारा दुसरा एकच माणूस.

"तूमा घरी. डोळे धुळीने गेले. मी मागे खोलीत आहे, माझी छाती..." आणि तो खोकत आत गेला.

बाहेर सूर्य आधी तांबूस झाला, मग दिसेनासा झाला. भर दुपारी मला दिवा लावावा लागला. कच्चा छाप काढून मी वाचायला बसलो.

पत्रकावर उद्याची तारीख होती. काल संध्याकाळी किल्ल्यावर सतरा बंडखोरांना देहदंड देण्यात आला, शहर शांत आहे. त्याचं मला नवल वाटलं नाही. डाकेची नाव ठरल्या वेळी सुटायची, म्हणून एखादी गोष्ट व्हायच्या आधीच ती झाली असं छापून ठेवायची फौजेची रीत होती. मग किल्ल्यावरचा कारकून तेच पत्रक हातात धरून नावं पुकारी, कारण सार्जंटांच्या जिभेवर आमची नावं चढत नसत. आधी बातमी, मग घटना. खाली नावं होती. शेवटी एक ओळ होती की उरलेल्या सव्वीस कैद्यांना सरसेनापतींच्या दयेने सोडण्यात येत आहे.

नववं नाव हसनैनचं होतं.

मी ते तीनदा वाचलं. चूक कुठेच नव्हती. नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, धंदा बरोबर.

पहिल्यांदा वाटलं, ओळ उपसून टाकावी. पण वर 'सतरा' छापलं होतं, त्यांच्या बाजूला नावं नसत, पण आकडा तोच होता, आणि मुसू लेब्रे बोट ठेवून ओळी मोजल्याशिवाय शिक्का मारत नसे. म्हणजे एक नाव काढायचं तर दुसरं घालायचं. कुणाचं? माझं एका शेजाऱ्याशी भिंतीवरून वाकडं होतं. त्याचा पोरगाही किल्ल्यावर होता. त्याचं नाव माझ्या मनात आलं, हे मी लपवत नाही. माझी बोटं पेटीपर्यंत गेलीसुद्धा. मग त्या पोराची आई डोळ्यांसमोर आली आणि मी खिळे खाली ठेवले. डोकं टेबलावर टेकून मी ढसाढसा रडलो. पन्नाशीचा माणूस, पण रडलो.

रडता रडता वास आला. नदीकाठच्या चिखलाचा, कुजक्या गवताचा वास. बाहेर तर पाण्याचा थेंब नव्हता, दातांत धूळ करकरत होती.

मग आवाज आला. टप... टप... टप. फरशीवर पाणी ठिबकत होतं.

"शेख..."

"छापखाना बंद आहे," मी मान खाली ठेवूनच म्हणालो.

"माझं नाव घ्या, शेख..."

"कोण तू?"

"इद्रीस. रंगारी." मग थोडं थांबून, अगदी हळू, "सितूताचा मुलगा..."

कैरोत कुठलाही जिवंत पुरुष स्वतःची अशी ओळख देणार नाही. वडील सांगत, असं कुणी समोर आलंच तर पायांकडे बघावं, तोंडाकडे नाही. मी पायांकडे पाहिलं. अनवाणी, फुगलेले, पांढरे. पावलांभोवती पाणी साचत होतं. बाजूला लोंबणारे हात दिसले. कोपरापर्यंत निळे.

"तू... केव्हा?" मी विचारलं.

"पहिल्या बंडानंतर. किल्ल्यावरून उतरवलं... गोणीत घालून... नदीत." बोलताना त्याच्या घशात पाणी घोळत होतं. "पत्रकात आलो नाही, शेख. तुमच्या कुठल्याच पत्रकात नाही. आई अजून दाराला कडी लावत नाही. बायको ना धड सवाष्ण, ना विधवा..."

"मी काय करू शकतो?" मी विचारलं.

"त्यांना सतरा मेलेले हवेत ना? आम्ही सतरा आहोत."

मी नकळत दाराकडे पाहिलं. दिव्याचा उजेड उंबऱ्यापर्यंत पोचत होता. त्यापलीकडे लाल धुळीत पायांचे जोड दिसत होते. एकामागे एक, रांगेत, शिस्तीत उभे.

"आणि पुकारा झाला की? किल्ल्यावर ही नावं कुणी ऐकायला नसतील. माझी मान जाईल."

"आम्ही जाऊ ना... आम्हाला रस्ता ठाऊक आहे."

"बदल्यात काय हवंय तुम्हाला?"

ते फुगलेले पाय एक पाऊल पुढे आले.

"तुम्ही तलकीनवाल्याचे पोर ना? आमच्या उशाशी कुणी बसलं नाही, शेख. कुणी पढवलं नाही. ते दोघे येतात... प्रश्न विचारतात... आम्हाला उत्तर येत नाही. ते जातात. पुन्हा येतात. रोज, शेख... रोज विचारतात."

त्याचं हे बोलणं ऐकून भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. दोन वर्षं मी 'शहर शांत आहे' या ओळीतले नुक्ते तपासत होतो, आणि हे तिकडे रोज नापास होत होते.

"नाव सांग," मी म्हणालो आणि खिळे उचलले.

ते एकेक करून उंबऱ्याच्या आत आले. नाव, बापाचं नाव, धंदा मी जुळवत गेलो. आईचं नाव प्रत्येकाने शेवटी हळूच सांगितलं, ते मी तोंडपाठ केलं. वहीबाचा मुलगा. खदूजाचा मुलगा. एक इतका लहान होता की त्याचे पाय माझ्या वितीएवढे भरले असते. तो म्हणाला, "मला धंदा नाही... नुसतं नाव घाला." शेवटचा निघून गेला तेव्हा माझी बोटं गारठून वाकडी झाली होती, आणि जुन्या सतरा ओळींचे खिळे पेटीत परत गेले होते.

असरला स्वार आला. मुसू लेब्रे डोळे चोळत बाहेर आला, ओळींवर बोट ठेवून मोजलं, "सतरा. बरोबर," म्हणाला, शिक्का मारला. मग फरशीकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"शेख, हे पाणी कुठून?"

"सुरई फुटली," मी म्हणालो. त्याने सुरईकडे पाहिलं. ती कोपऱ्यात धडधाकट उभी होती. त्याने छातीवर बोटांनी क्रुसाची खूण केली आणि आत निघून गेला.

घरी पोचलो तो हात रिकामे.

"बाबा, लिंबं?" शफीका म्हणाली. मग माझं तोंड बघून खालीच बसली. "काय झालंय? खरं सांगा. आज तरी खरं सांगा."

मी सांगितलं. सगळं, पायांसकट. ती माझा गार हात दोन्ही हातांत धरून बसली. थोड्या वेळाने किल्ल्याच्या बाजूने बंदुकांचा बार ऐकू आला. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक बाराला तिची नखं माझ्या हातात रुतत होती.

दिवेलागणीला वारा पडला. गल्लीतून कुणीतरी घसटत चालत आलं आणि दारात थांबलं. केसांपासून टाचेपर्यंत धुळीने माखलेला हसनैन. शफीका त्याला मिठी मारायची सोडून आधी त्याच्या पायांकडे वाकली. पाय धुळीने भरलेले, कोरडे होते. मग तिने असा टाहो फोडला की शेजारपाजार गोळा झाला.

पाणी पिऊन झाल्यावर तो बोलला.

"आम्हाला चौकात उभं केलं होतं. हाताचं बोट दिसत नव्हतं धुळीत. कारकून नावं पुकारायला लागला. मामा, एकही नाव आमच्यातलं नव्हतं! पण पुकारलं की माझ्या मागून कुणीतरी म्हणायचं, 'हाजिर.' माझ्या मानेवर गार वारा यायचा आणि कुणीतरी खांद्याला घासून पुढं जायचं. सतरा वेळा. सार्जंटने धुळीत सतरा माथी मोजली, तटाकडे नेली. बार झाले. मग आम्हाला म्हणाले, चालते व्हा. सव्वीस म्हणाले होते, आम्ही त्रेचाळीस निघालो. दरवाज्यावरच्याने मोजलंच नाही, त्याला धुळीतून आत पळायची घाई!"

"आणि प्रेतं?" मी विचारलं.

"तटापाशी वाळू ओली होती," हसनैन म्हणाला. "बाकी काही नव्हतं. सार्जंट बराच वेळ त्या ओल्याकडे बघत उभा होता. मग अधिकाऱ्याला सलाम ठोकून म्हणाला, काम झालं. पत्रकात छापलंय ना, मग झालंच असणार."

दुसऱ्या दिवशी दवंडीवाल्याने पत्रक गल्लोगल्ली वाचलं आणि सतरा घरांतून आक्रोश उठला. रडणं ऐकून कुणाला बरं वाटू नये, पण मला वाटलं. त्या बायांना दोन वर्षं रडायची परवानगी नव्हती. रंगाऱ्यांच्या गल्लीतली म्हातारी सितूता भिंतीला धरून बाहेर आली, शेजारणींनी तिला मध्ये बसवलं, आणि त्या संध्याकाळी तिने दाराला कडी लावली असं मी ऐकलं.

नदीवर जाऊन त्यांना पढवायचा माझा शब्द मात्र राहिला होता. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी तीन दिवस काढले. खरं सांगायचं तर माझी छाती होत नव्हती. चौथ्या दिवशी शफीकाने माझे जोडे आणून दारात ठेवले.

"बाबा, जा. माझं पोर बाप असलेल्या घरात येणार आहे ते त्या सतराजणांमुळे. जा, नाहीतर मी जाईन, आणि मग बाळंतपण नदीवर होईल."

मी गेलो. सकाळची उन्हं, नदी संथ, पलीकडच्या काठाला खजुरी आणि मेंढरं. भ्यावं असं काही नव्हतं. वडील बसत तसा मी पाण्याच्या कडेला मांडी घालून बसलो आणि पहिली हाक मारली.

"इद्रीस, सितूताच्या मुला. आता ते दोघे येतील. घाबरू नकोस. तुझा पाळणहार कोण विचारतील, तर सांग..."

वडिलांना उभ्या आयुष्यात कबरीतून कधी उत्तर आलं नव्हतं. ते म्हणत, आपण पढवायचं आणि उठायचं. मी शेवटचा शब्द म्हटला आणि पाण्यावर एकच बुडबुडा आला, अगदी माझ्या गुडघ्यासमोर. फुटला. एक सुस्कारा ऐकू आला, दिवसभराचं ओझं खाली ठेवताना हमाल टाकतो तसा. मग दुसऱ्याला हाक मारली. मग तिसऱ्याला. माझी भीती गेली. धंदा नसलेल्याला मी दोनदा पढवलं, लहान होता म्हणून. सतरावा सुस्कारा विरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, आणि वडिलांची अशी आठवण आली की वाटलं, आत्ता ते मागून येऊन खांद्यावर हात ठेवतील.

मी कपडे झटकून उठलो.

"मुसू..."

आवाज पाण्यातून आला. तरणा, घोगरा. पुढचे शब्द फ्रान्सिसांच्या भाषेतले होते. छापखान्यात दोन वर्षं काढून मला त्यातले थोडे कळत. ताप... तंबू... रात्री... नदी. एवढं कळलं. त्यांच्या छावणीत साथ होती हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पत्रकात मात्र फौज ठणठणीत होती. ती ओळ माझ्या हाताखालून कितीदा गेली होती, देव जाणे.

पळून जावं असं वाटलं. आमच्या दारात बंदुका घेऊन आलेला तो माणूस. त्याच्यासाठी मी का बसावं? पण तो पुन्हा बोलला, आणि कुठल्याही भाषेत आजारी पोर रात्री हाक मारतं तसा तो सूर होता. मी परत खाली बसलो. त्याला काय पढवायचं, त्याला कुठले प्रश्न विचारत असतील, मला काय माहीत? आमच्यात आईचं नाव ठाऊक नसेल तर सगळ्यांच्या आदिआईच्या नावाने हाक मारतात. मी तसंच केलं.

"हव्वेच्या मुला," मी म्हणालो, "घाबरू नकोस..."

पाणी हललं. त्याने मला मध्येच थांबवलं आणि एक नाव सांगितलं. बाईचं. मी ते म्हणून पाहिलं, माझ्या तोंडात ते मोडलं. त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश, तोडून तोडून. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मला ते जमलं असावं, कारण मोठा सुस्कारा आला आणि माझ्या समोरचं पाणी शांत झालं.

मग त्याच्या थोडं पलीकडून दुसरा एक आवाज आला, त्याच भाषेत, आणि त्यानेही आपल्या आईचं नाव सांगितलं.